पावसाळ्याआधीची सुई

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा व्याख्यान नव्हे, घरातलेच बोलणे समजा. विषय फ्ल्यूच्या लशीचा.

आमच्या सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, त्यात दमेकरी. गेल्या पावसाळ्यात फ्ल्यूने त्यांना असे घेरले की अकरा दिवस दवाखान्यात काढावे लागले. यंदा डॉक्टरांनी लस सुचविली, तर म्हणतात, "दर वर्षी टोचायचे? सणच झाला की गं हा!"

प्रश्न रास्त आहे. पण हा विषाणू बहुरूप्यासारखा सोंग बदलतो, म्हणून लसही दर वर्षी नव्याने जुळवावी लागते. टोचल्यावर अंगात बळ यायला सुमारे दोन आठवडे जातात. आपल्याकडे पावसाळ्यात फ्ल्यूचा जोर. म्हणून एप्रिल-मे बरा. लशीनेच फ्ल्यू होतो हा समज मात्र खोटा. सुईतला विषाणू मेलेला असतो. दंड दुखतो, क्वचित कणकण येते. लस घेऊनही कुणाला फ्ल्यू होतो, पण दुखणे सहसा विकोपाला जात नाही.

टोचण्याची भीती जुनीच. १८९७ साली मुंबईत प्लेग असताना हाफकिन साहेबांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळला त्यांच्या नावाची संस्था आजही आहे. १९१८ च्या फ्ल्यूच्या वेळी मात्र लसच नव्हती. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली, आणि त्यांत पुरुषांपेक्षा बायका जास्त. आजाऱ्याच्या उशाशी बसणार कोण? आपणच ना! २००९ साली पुण्यात स्वाइन फ्ल्यूने शाळकरी मुलगी दगावली, तेव्हा दवाखान्यांपुढे रांगा लागल्या. रांग लागल्यावर जाण्यात काय अर्थ?

खाजगीत खर्च दीड-दोन हजारांच्या घरात. मध्यमवर्गीय घराला तो जड जातो, हे मी नाकारीत नाही. म्हातारी माणसे, मधुमेही, दमेकरी आणि गर्भवती यांचा नंबर आधी लावावा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही. आईने गरोदरपणी घेतली तर तिचे बळ बाळाला मिळते. ज्यांच्या सुना-लेकी दिवसांत आहेत, त्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावे. आपल्या भिशीचा एप्रिलचा हप्ता यासाठी ठेवावा, असे मी सुचविते. साडी दिवाळीला घेऊ.

सासूबाई शेवटी तयार झाल्या, पण एका अटीवर: आधी सुनेने टोचून घ्यायची. बुधवारी दोघी जाणार आहोत. कुणाला सोबत हवी असेल तर नाव सांगावे.