हँगर कुणाच्या सोयीचा?



आज आपल्याशी बोलायचं आहे ते एका अगदी साध्या वस्तूबद्दल. कपाटाचं दार उघडलं की ती समोर असते, पण तिच्याकडे कुणी मुद्दाम पाहत नाही. ती म्हणजे कपडे अडकवायचा हँगर. ‘त्यात दहा मिनिटं बोलण्यासारखं काय आहे?’ असं आपल्याला वाटलं असेल, तर ऐकता ऐकता मनातल्या मनात एक गोष्ट करून पाहा. आपला उजवा हात पाठीमागे बांधलेला आहे, असं समजा. आता राहिलेल्या डाव्या हातानं सदरा हँगरला लावायचा आणि हँगर कपाटात अडकवायचा.

हँगर धरावा तर सदरा धरायला हात नाही. सदरा धरावा तर हँगर गिरकी घेतो. एक खांदा बसवेपर्यंत दुसरा घसरतो. शेवटी सदरा जमिनीवर आणि हँगर हातात, अशी गत होते.

दोन्ही हात धडधाकट असणारी माणसं हे काम रोज न बघता करतात, म्हणून त्यातले कष्ट जाणवत नाहीत. हँगर दांडीवरून उचलून काढायचा, एका हातात धरायचा, दुसऱ्या हातानं कॉलर पकडायची, एक खांदा बसवायचा, मग दुसरा, वरचं बटण लावायचं, मग हात उंच करून बाकीचे कपडे सारायचे आणि आकडा दांडीवर टेकवायचा. एवढ्याशा कामात दोनदा हात वर न्यावा लागतो, मध्ये दोन्ही हात लागतात आणि बटणापाशी चिमटीत जोर लागतो.

आता हे ज्यांना जमत नाही, अशी माणसं किती घरांत आहेत ते आठवा. संधिवातानं बोटं वाकडी झालेली आजी. खांदा आखडलेला माणूस. मधुमेह असणाऱ्यांना तर हे दुखणं अधिक गाठतं. चाकाच्या खुर्चीवर बसलेली व्यक्ती. कडेवर मूल घेतलेली आई, जिचा एकच हात मोकळा आहे. आणि शाळेतून आलेलं सहा वर्षांचं पोर, ज्याला ‘गणवेश नीट लावून ठेव’ असं आपण सांगतो, पण ज्याचा हात दांडीपर्यंत पोचतच नाही.

आमच्या ओळखीतले एक निवृत्त शिक्षक आहेत. पक्षाघातात त्यांचा उजवा हात लुळा पडला. चिकाटीनं व्यायाम करून ते डाव्या हातानं जेवू लागले, आंघोळ स्वतःची स्वतः करू लागले. सदरा घालतानाही आधी लुळा हात बाहीत घालायचा, मग चांगला, आणि काढताना नेमकं उलटं, ही रीत त्यांनी आत्मसात केली. पण काढलेला सदरा खुर्चीच्या पाठीवरच राहायचा. तो लावून ठेवण्यासाठी बाईंना हाक मारावी लागे. ‘बाकी सगळं जमतं हो, एवढ्यासाठी हिला उठवायचं!’ असं ते म्हणत. काम अर्ध्या मिनिटाचं. पण रोज कुणाला तरी हाक मारावी लागणं हे स्वाभिमानी माणसाला किती टोचतं, हे ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक.

मग प्रश्न येतो, इतकी जुनी वस्तू इतकी अडचणीची कशी राहिली? तिचा इतिहास पाहिला तर उत्तर सापडतं.

आपल्याकडे हँगरच्या आधी खुंटी होती आणि वलणी होती. खुंटीला एक हात पुरे. पण सदऱ्याला मानेमागे टोक येतं आणि खांदे उतरतात. पाश्चात्त्य देशांतही कोट खुंटीलाच टांगत. अमेरिकेत १८६९ साली ओ. ए. नॉर्थ यांनी हँगरसारख्या एका साधनाचं पेटंट घेतलं. पुढे १९०३ साली मिशिगन राज्यातल्या जॅक्सन गावी, तारेच्या वस्तू बनवणाऱ्या एका कारखान्यात अल्बर्ट पार्कहाउस नावाचा कामगार होता. एके सकाळी सगळ्या खुंट्या भरलेल्या पाहून त्यानं तारेचा तुकडा वाकवला आणि त्यावर आपला कोट टांगला, अशी कथा सांगतात. पेटंट मात्र मालकाच्या पदरात पडलं, असंही त्या कथेत आहे. १९३२ साली तारेवर पुठ्ठ्याची नळी आली, म्हणजे धुतलेल्या कपड्याला वळ पडू नये. १९३५ साली खालच्या दांडीवर नळी आली, म्हणजे विजारीला घडी पडू नये.

या सुधारणांत एक गोष्ट लक्षात येते. त्या सगळ्या कपड्यासाठी आहेत. कपडा लावणाऱ्या हाताचा विचार त्यांत नाही.

आजचे हँगर पाहा. लाँड्रीतून येणारा तारेचा हँगर स्वस्त असतो आणि गठ्ठ्यानं ठेवता येतो. तो लाँड्रीच्या सोयीचा. दुकानातला हँगर कपडा उठून दिसावा म्हणून असतो. तो दुकानदाराच्या सोयीचा. आणि काही हॉटेलांतल्या हँगरला तर आकडाच नसतो. दांडीवर कायमची कडी आणि हँगरच्या डोक्यावर छोटी गोळी. ती गोळी कडीच्या खाचेत नेमकी बसवावी लागते. का? पाहुण्यानं हँगर पळवू नये म्हणून! मालकाचे हँगर वाचतात आणि थरथरत्या हाताचा पाहुणा कडीशी झगडत बसतो. म्हणजे हे हँगर वाईट बनवलेले नाहीत, चांगलेच बनवलेले आहेत. फक्त ते वापरणाऱ्यासाठी बनवलेले नाहीत.

मग वापरणाऱ्यासाठी हँगर करायचा तर काय करावं? बाजारात दाबताच खांदे मिटणारे हँगर मिळतात. मिटलेले खांदे टी-शर्टच्या गळ्यातून सहज आत जातात, गळा ताणावा लागत नाही. कल्पना चांगली आहे. पण ते दाबायला बोटांत जोर हवा, आणि जडशीळ कपड्यानं सांधा तुटला की हँगर वाया. नाकापेक्षा मोती जड. मखमली हँगरवरून कपडा घसरत नाही, पण त्याच कारणानं तो सरकवून बसवताही येत नाही. त्यापेक्षा मधला भाग गुळगुळीत आणि फक्त टोकांना रबर असेल तर दोन्ही साधतं. विजारीसाठी एका बाजूनं उघडा असलेला हँगर मिळतो. तो कपाटातून काढावा लागत नाही. विजार बाजूनं सरकवली की झालं, एका हाताचं काम. आकड्याचं तोंड दांडीपेक्षा बरंच रुंद असेल, तर न बघताही तो बसतो.

पण माझ्या मते अर्धी अडचण हँगरमध्ये नाही, दांडीच्या उंचीत आहे. अमेरिकेतल्या २०१०च्या सुगम्यता मानकांत, मध्ये अडथळा नसताना हात पोचण्याची वरची मर्यादा ४८ इंच, म्हणजे चार फूट धरली आहे. आपल्या कपाटातली दांडी मोजून पाहा. सदरा हँगरसकट साधारण तीन फूट लोंबतो. त्याला चार फुटांवरची दांडी सहज पुरते. लांब कपडे तेवढे वर राहू देत.

त्या शिक्षकांसाठी नवा हँगर शोधावाच लागला नाही. कपाटाच्या दाराला आतून, खुर्चीवर बसल्यावर छातीशी येईल एवढ्या उंचीवर एक खुंटी ठोकली. रिकामा हँगर आधी तिथे अडकवायचा. म्हणजे तो धरायला हात लागत नाही. मग बटणं उघडी ठेवून सदरा एका खांद्यावर चढवायचा आणि कॉलर धरून दुसऱ्यावर ओढायचा. हँगरच्या टोकांना रबरी तुकडे चिकटवले. पहिल्या दिवशी बराच वेळ लागला. आठवडाभरानं बाईंना हाक मारणं थांबलं.

अशा विचाराला ‘सर्वसमावेशक रचना’ म्हणतात. पोलिओमुळे चाकाची खुर्ची वापरणारे अमेरिकन वास्तुविशारद रॉन मेस यांनी हा विचार मांडला. १९९७ साली त्यांच्यासह काही तज्ज्ञांनी त्याची सात तत्त्वं सांगितली. कमी श्रम हे त्यांतलं एक. सॅम फार्बर या उद्योजकानं पत्नीच्या संधिवाताकडे पाहून जाड, मऊ मुठीची सोलाणी बाजारात आणली, ती १९९० साली. धडधाकट माणसांनीही ती आवडीनं घेतली. दुखऱ्या हाताला सोपं ते सगळ्यांनाच सोपं, हा त्यातला धडा. आपल्याकडच्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या रचनेची व्याख्या आहे. पण कायदा आपल्या कपाटापर्यंत यायची वाट कशाला पाहायची?

नवं कपाट करून घेताना सुतार आपल्याला विचारतो, ‘रंग कुठला? मूठ कुठली?’ त्या वेळी घरातल्या सर्वांत वयस्क आणि सर्वांत लहान माणसाला कपाटापुढे उभं करा, बसत असतील तर बसवा, आणि हात वर करायला सांगा. जिथे तो न दुखता पोचेल, तिथे पेन्सिलीनं खूण करा. एक दांडी त्या खुणेवर लावायला सांगा. खर्च फारसा वाढत नाही. मात्र आपला कपडा आपण लावून ठेवण्याचं समाधान घरातल्या आणखी दोघांना मिळतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)