तीन बोटांची परीक्षा

श्रोतेहो, नागपुरांत राहून विड्याविरुद्ध बोलणें हें धाडसाचेंच काम. रामटेकच्या बरई लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या पानमळे जोपासले; सुपारीवांचून आपली पूजा मांडली जात नाहीं. पण माझी तक्रार पानाविषयीं नाहीं. पान केव्हांच गळून गेलें! सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून जो खर्रा पानठेल्यावर मिळतो, त्यांत पान नांवालाही नसतें.

गेल्या दिवाळींत एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. वय चाळिशीच्या आंत. मीं करंजी पुढें केली, तर त्यानें नखाएवढा तुकडा मोडून ओठांतून सरकविला. "गुरुजी, तोंडच उघडत नाहीं," तो म्हणाला. वर्गांत खड्या आवाजांत कविता म्हणणारा हाच मुलगा! तंबाखूला आपण कधींच शिवलों नाहीं, नुसती सुपारी चघळतों, हें मात्र त्यानें मोठ्या समाधानानें सांगितलें.

तें समाधान खोटें आहे. सुपारींत आरेकोलीन नांवाचें द्रव्य व तांब्याचा अंश असतो. त्यांच्या योगानें गालाच्या अस्तराखालीं तंतू वाढतात, अस्तर पांढुरकें व ताठ होतें, तिखट झोंबूं लागतें आणि तोंड आखडत जातें. पूर्व आफ्रिकेंतील हिंदी स्त्रियांमध्यें आढळलेल्या या विकाराचें वर्णन श्वार्ट्झ यांनीं १९५२ सालीं केलें. कांहींना त्यांतूनच पुढें कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सुपारी स्वतःच कर्करोगकारक ठरविली आहे. तंबाखूची साथ तिला लागत नाहीं.

महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली. घरांतल्या सुपारीच्या डबीवर कोण घालणार? जेवणानंतर मुलांच्या तळहातावर सुगंधी सुपारीची चिमूट ठेवणारे हात आपलेच. मीही ती ठेवीत आलों.

आतां, ऐकतां ऐकतांच, आपलीं मधलीं तीन बोटें जुळवून उभीं तोंडांत घालून पाहा. निरोगी माणसाचीं तीं बहुधा सहज जातात. अडलीं, किंवा साधी भाजीही झोंबत असली, तर सुपारी त्याच दिवशीं टाकून दंतवैद्यास गांठावें. आखडलेलें तोंड आपोआप पूर्ववत् होत नाहीं. औषधें, व्यायाम, प्रसंगीं शस्त्रक्रिया, असे उपाय आहेत, पण सुपारी चालूच राहिली तर ते व्यर्थ.

त्या विद्यार्थ्याचें एकच बोट गेलें. दुसरें दातांशीं अडलें. दुसऱ्याच आठवड्यांत आम्ही दोघे शासकीय दंत महाविद्यालयांत जाऊन आलों. परवां त्याचा निरोप आला, दुसरें बोट अर्धें आंत जातें.