हाक मारली तरी न येणारं पिल्लू



आज मी एका पिल्लाबद्दल बोलणार आहे. पण कुत्रा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जो येतो, शेपटी हलवत धावणारा, चेंडू आणून देणारा, त्याला थोडा वेळ बाजूला ठेवा.

मी मूळची साताऱ्याची. गेली ९ वर्षं आम्ही हिमाचलात, पालमपूरजवळच्या एका गावात राहतो. घरामागे गोठा, गोठ्यात १४ शेळ्या. पुढे ओढा, ओढ्यापलीकडे जंगल, आणि जंगलात बिबट्या. एका हिवाळ्यात आमच्या दोन शेळ्या गेल्या. तेव्हा आम्ही गद्दी जातीचं पिल्लू घरी आणलं.

गद्दी हे इथले मेंढपाळ. हिवाळ्यात ते कांगड्याच्या खालच्या टेकड्यांवर असतात, उन्हाळ्यात धौलाधार ओलांडून चंबा-लाहौलच्या कुरणांवर जातात. सोबत त्यांचे दाट केसांचे, भारदस्त कुत्रे. बिबट्या कुत्र्याचा गळाच धरतो, म्हणून त्यांच्या गळ्यात काटेरी लोखंडी पट्टा घालतात. आपल्याकडे माळरानावर धनगरांच्या मेंढ्यांजवळ लांडग्यांपासून राखण करणारी कुत्री असतात ना, काम तेच. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने गद्दी कुत्र्याची देशी जात म्हणून नोंदही केली आहे.

आमचा भालू दोन महिन्यांचा होऊन आला. साताऱ्याला माहेरी लॅब्रॅडोर होता, तो दोन दिवसांत 'बस' शिकला होता. भालूला 'ये' म्हटलं की तो आधी माझ्याकडे बघायचा, मग शेळ्यांकडे बघायचा, आणि तिथेच बसून राहायचा. चेंडू टाकला तर चेंडू कुठे पडला एवढं पाहून घ्यायचा. घरात घेतलं तर दाराशी जाऊन बसायचा. आणि रात्री? रात्रभर भुंकायचा.

घरचे म्हणू लागले, हा मठ्ठ आहे. शेजारी म्हणाले, झोप नाही लागत, याचं काहीतरी करा. भालू आठ महिन्यांचा झाला तेव्हा एका दुपारी त्याने एक करडू पंजाखाली दाबून धरलं आणि त्याचा कान चघळला. करडू वाचलं, पण यजमान म्हणाले, "राखणदार आणला की चोर? उद्या परत देऊन येऊ."

त्याच आठवड्यात, ज्यांच्याकडून पिल्लू आणलं ते म्हातारे पुहाल आमच्या वाटेने खाली उतरले. इथे मेंढपाळाला पुहाल म्हणतात. मी सगळं गाऱ्हाणं सांगितलं. ते म्हणाले, "बेटी, हा तुमचं ऐकत नाही, कारण रात्री डोंगरावर आम्ही झोपलेलो असतो. तेव्हा याला हुकूम कोण देणार?"

मंडळी, या कुत्र्यांचा स्वभाव समजायला मला हे एक वाक्य पुरलं. आपण ज्याला हट्ट म्हणतो, तो त्यांच्या कामाचा गाभा आहे. मेंढ्या हाकणारा बॉर्डर कॉली मालकाच्या शिट्टीवर चालतो. राखणदाराला मालक नसताना स्वतः ठरवायचं असतं. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी असेच कुत्रे निवडले, जपले.

रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजात अशा कुत्र्यांवर मोठं काम सुरू केलं. चांगल्या राखणदारात त्यांनी तीन गुण पाहिले: कळपाकडे लक्ष, कळपाला इजा न करणं, आणि कळपाचं रक्षण. आज्ञा पाळणं त्या तिघांत नाही! कळपाशी नातं जुळतं ते पहिल्या तीन-चार महिन्यांत, पिल्लू त्या जनावरांच्या वासात, आवाजात वाढलं तर. शाबासकी आणि बिस्किटं देऊन ते जुळवता येत नाही.

मग आम्ही भालूला बदलण्याऐवजी आमचं वागणं बदललं.

करडाचं आधी सांगते. ती शिकार नव्हती, वयात येणाऱ्या पिल्लाची दांडगाई होती. साधारण सहा महिन्यांपासून वर्ष-सव्वा वर्षापर्यंत हे चालतं. या काळात त्याला करडांबरोबर एकटं सोडायचं नाही. आम्ही त्याला दोन थोराड शेळ्यांसोबत ठेवलं. त्यातली एक शिंगाने असा हिसका द्यायची की माझ्या शंभर 'नाही'चं काम एका धडकेत व्हायचं. बाहेर नेताना लांब दोरी. पाठलाग सुरू झाला की न मारता, न ओरडता बाजूला न्यायचं. जेवण शेळ्यांपासून वेगळं, म्हणजे खाण्यावरून गुरगुर नको.

रात्रीचं भुंकणं बंद करता येत नाही. भुंकणं म्हणजे बिबट्याला निरोप: तू दिसलास, आम्ही जागे आहोत. बहुतेक वेळा झुंजीपर्यंत जावंच लागत नाही, ते यामुळेच. आम्ही शेजाऱ्यांच्या बाजूचं कुंपण बंदिस्त केलं आणि गोठा दुसऱ्या टोकाला हलवला. शेजाऱ्यांना भालूची रीतसर ओळखही करून दिली. आणि लहान होता तोवर रात्री तो शेळ्यांसोबत कडी लावलेल्या गोठ्यातच असायचा, कारण बिबट्याला कुत्र्याचं पिल्लूही चालतं.

आज्ञा तीनच शिकवल्या: थांब, सोड, ये. 'ये'ला तो अजूनही जरा वेळ घेतो. आधी कळपावर नजर फिरवतो, मग येतो. मला आता त्याचा राग येत नाही.

भालू आता अडीच वर्षांचा आहे. ही कुत्री दोन वर्षांनी कुठे पोक्त होतात. गेल्या पौषात एका रात्री त्याचं भुंकणं निराळं वाटलं, जाड आणि एका जागेवरून. सकाळी कुंपणाबाहेर ओल्या मातीत ठसे होते. आत १४ च्या १४ शेळ्या रवंथ करत होत्या.

हल्ली शहरांतून फोन येतात: ताई, फ्लॅटमध्ये गद्दी पाळायचाय, रुबाबदार दिसतो. मी त्यांना चार प्रश्न विचारते. राखायला जनावरं आहेत का? पक्कं कुंपण आहे का? भुंकणं सोसतील असे शेजारी आहेत का? आणि दोन वर्षं थांबायची तयारी आहे का? एकाचंही उत्तर 'नाही' असेल, तर दुसरं पिल्लू बघा. देशी कुत्र्यांत घरात रमणारी कितीतरी गोड पिल्लं आहेत, दत्तक घ्या. काम नसलेला राखणदार स्वतःच काम शोधतो, आणि मग दूधवाला, कुरिअरवाला, तुमचे पाहुणे, सगळेच त्याला चोर वाटू लागतात. त्याची शिक्षा शेवटी कुत्र्यालाच होते.

पण चारही उत्तरं 'हो' असतील, तर जरूर आणा. आणि हाक मारल्यावर तो आला नाही, तर रागावण्याआधी तो कुठे बघतोय ते बघा.