थंड चुलीचा सण

(कुटुंब मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात आज ऐंशीच्या आसपास पोहोचलेली अनेक सिंधी मंडळी आहेत. त्यांच्याजवळ बसून बालपणीच्या सणांचा विषय काढला, की चेटीचंडाच्या आधी वा पाठोपाठ एक नाव हमखास येते. ते नाव म्हणजे थदडी. चेटीचंड आता साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाला आहे. झूलेलालाची मिरवणूक, बहराणा, छेज नृत्य हे सारे रस्त्यावर दिसते, वर्तमानपत्रांत छापून येते. थदडी मात्र शेजारच्या मराठी घरालाही सहसा कळत नाही. कारण त्या दिवशी काही घडताना दिसतच नाही. चूल पेटत नाही, एवढेच घडते.

सिंधीत ‘थधो’ म्हणजे थंड. राखीपौर्णिमेनंतरचा सातवा दिवस, मराठी पंचांगाप्रमाणे श्रावण वद्य सप्तमी, हा थदडीचा दिवस. आदल्या रात्री सारा स्वयंपाक करून ठेवायचा, चूल विझवून स्वच्छ करायची, तिच्यावर पाण्याचे शिंतोडे द्यायचे, देवीला हात जोडायचे आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या सर्वांनी थंडच अन्न खायचे. दुसऱ्या दिवशी गोकुळाष्टमी. दोन सणांच्या मध्ये जणू चुलीने घेतलेला हा एक श्वास.

हा सण उल्हासनगरात कसा येऊन पोहोचला, हे समजल्याखेरीज त्याची किंमत कळायची नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैन्यासाठी छावणी उभारली गेली होती. युद्ध संपले, बराकी ओस पडल्या. आणि फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेली सुमारे एक लाख माणसे येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे नव्या नगराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून नगराला नाव मिळाले. पंजाब आणि बंगाल यांची फाळणी झाली. त्यांचा अर्धा भाग तरी भारतात राहिला. सिंधची फाळणी झाली नाही, सिंध अखंड गेला. म्हणून सिंधी हिंदूंना भारतात ‘आपला प्रांत’ असा उरलाच नाही. पंजाबी विस्थापिताला अमृतसर होते. सिंधी विस्थापिताला कराचीहून आलेले जहाज होते आणि पुढे कल्याणची छावणी. श्रीगुरुजी ५ ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत होते. त्यांचे शब्द ऐकलेले कितीतरी तरुण स्वयंसेवक पुढच्या काही महिन्यांत घरदार सोडून भारतात आले. त्यांना शरणार्थी म्हटलेले रुचत नसे. ‘पुरुषार्थी’ हा शब्द त्यांनी स्वतःसाठी स्वीकारला आणि उल्हासनगरच्या कारखान्यांनी व बाजारपेठांनी तो खरा करून दाखवला.

पुरुषांच्या पुरुषार्थाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. बराकीतल्या चुलीबद्दल फारसे कुणी लिहिलेले नाही.

एकेका लांबलचक बराकीत अनेक कुटुंबे. मध्ये भिंत नाही. गोणपाटाचे किंवा जुन्या चादरींचे पडदे. नळ सामाईक, शौचालये सामाईक. सिंधमध्ये ज्यांच्या दारी दुभते होते, अंगणात विहीर होती, त्यांच्या वाट्याला रेशनचा गहू आणि मोजून मिळणारी साखर आली. अशा ठिकाणी थदडीचा आदला दिवस उजाडला की मुलांना तो नाकाने कळे. गव्हाच्या पिठात साखरेचा किंवा गुळाचा पाक, वेलची आणि जमेल तेवढे तूप घालून जाडसर ‘मिठो लोलो’ भाजला जाई. बेसनाची कोकी होई, कारली भरली जात, भेंडी-बटाटे तळले जात. दही लावून ठेवले जाई. साऱ्या बराकीत एकाच संध्याकाळी हेच रांधले जात असल्यामुळे धूर इतका दाटे, की लहान मुले डोळे चोळत बाहेर पळत आणि वासाने पुन्हा आत येत. त्यांना लोलो खायची परवानगी नसे. तो उद्याचा. बालपणीच्या साऱ्या आठवणींत ही एक रात्र सर्वांत लांब असते, असे ही मंडळी हसत सांगतात.

रात्री उशिरा चूल विझे. घरातील मोठी स्त्री ती पुसून घेई, शेणा-मातीने सारवी. मग एखाद्या मुलाच्या हाती पाण्याचा तांब्या दिला जाई. अमांनी हातात धरलेल्या पानावरून पाणी शिंपडायचे, तांब्या मुलाने धरायचा. कच्चे दूध, थोडे तांदूळ, हात जोडणे. विधी म्हणावा तर एवढाच. त्यासाठी पुरोहित लागत नाही, मंडप लागत नाही, वर्गणीही लागत नाही. सकाळी बायका ताट घेऊन पाण्यापाशी जात. सिंधमध्ये ते पाणी नदीचे, कालव्याचे किंवा विहिरीचे असे. छावणीत कुणी उल्हासेच्या काठी जाई, कुणी वालधुनीच्या, आणि ज्यांना तेही जमत नसे त्या सार्वजनिक नळालाच नमस्कार करीत. नळाला हात जोडणारी ती बाई आज कुणाला गमतीची वाटेल. मागे राहिलेली सिंधू आणि समोरचा नळ यांच्यामधले अंतर तिने एका नमस्कारात ओलांडले होते, हे मात्र विसरू नये. त्या दिवशी वडीलधाऱ्यांकडून मुलांना ‘खर्ची’ मिळे. एखादा आणा, फार तर दोन. हातात पैसा आणि तोंडात लोलो. आणि आदल्या रात्री जिथे डोळे उघडवत नव्हते, त्या बराकीवर दिवसभर धुराची एक रेघ दिसत नसे.

मूल विचारी, चूल का नाही पेटवायची? उत्तर मिळे, देवीला थंडावा हवा. शीतलामातेचा, जोगमायेचा हा दिवस. ज्या काळात देवीच्या रोगाने घरेच्या घरे उद्ध्वस्त होत, त्या काळातल्या आईने अंगातला दाह आणि चुलीतला अग्नी यांचा संबंध जोडला. ताप येऊ नये म्हणून चूल निववली. देवीचा रोग आता राहिलेला नाही. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने साऱ्या जगातून हा रोग गेल्याचे जाहीर केले. तो गेला तो लसीमुळे, हे स्वच्छपणे सांगितले पाहिजे. धर्माभिमानापोटी विज्ञानाचे श्रेय लपवण्याची हिंदू समाजाला गरज नाही. तरीही रोग गेला आणि सण राहिला, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

मराठी श्रोत्यांना एव्हाना आपल्या घरातले काही आठवले असेल. श्रावण शुद्ध सप्तमीला महाराष्ट्रातही शीतला सप्तमी असते. जुन्या घरांतून श्रावणात दुपारी आजी कहाण्या वाचीत, त्यांत शिळासप्तमीची कहाणी असे. राजाने गाव वसवले, तळे खणले, पण पाणी लागेना; आणि त्या पाण्यासाठी घरातल्या सुनेचे मूल गेले. पुढे सून तळ्यापाशी आली, तिने सप्तमीचा वसा तिथेच पाळला, दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि तिचे मूल तिला परत मिळाले. पाणी, थंड अन्न आणि मुलाचा जीव. गुजरातेत श्रावण वद्य षष्ठीला ‘रांधण छठ’ असते, घरोघरी स्वयंपाक होतो आणि सप्तमीला, म्हणजे थेट थदडीच्याच दिवशी, चूल थंड राहते. सिंधू, साबरमती आणि गोदावरी यांच्या काठांवरच्या बायकांनी कुठे परिषद भरवून हे ठरवले नव्हते. सांस्कृतिक एकात्मता हा शब्द व्याख्यानांतून फार सहज वापरला जातो. तो पाहायचा तर स्वयंपाकघरात पाहावा.

अंबरनाथच्या शिवमंदिराचा येथे उल्लेख केला पाहिजे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधील हे शिलाहारांचे मंदिर वालधुनीच्याच काठी उभे आहे. छावणीत वाढलेल्या मुलांना सिंधमधल्या देवळांच्या गोष्टी ऐकायला मिळत. पाहायला मिळाले ते हे देऊळ. महाशिवरात्रीच्या जत्रेत आगरी, कुणबी मुलांबरोबर तीही रांगेत उभी राहिली, पायऱ्या उतरून खालच्या गाभाऱ्यात गेली. ज्यांचा प्रांत गेला होता, त्यांना नऊशे वर्षांचे जुने आजोळ सापडावे तसे हे झाले. त्याच वालधुनीत पुढे कारखान्यांचे रासायनिक सांडपाणी सोडले गेले. थदडीचे ताट घेऊन आज तिच्या काठी कुणी जावे अशी तिची अवस्था नाही, आणि ही लाज तिन्ही गावांनी वाटून घ्यायची आहे.

आता आजच्या घराकडे येऊ. बराकींच्या जागी इमारती आल्या. चेटीचंड वाढला, भव्य झाला, हे चांगलेच झाले. शेजारच्या डोंबिवलीत १९९९ साली नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली, तिचे लोण साऱ्या महाराष्ट्रात पोहोचले, याचाही अभिमानच वाटतो. पण कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात एक प्रश्न विचारणे भाग आहे. पाडव्याला पहाटे पाच वाजता ध्वज घेऊन चौकात उभा राहणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरी गुढी कोण उभारतो? बहुतेक ठिकाणी त्याची पत्नी, एकटी. मूल झोपलेले असते, किंवा वडिलांबरोबर यात्रेत असते. यात्रेतून त्याला उत्साह मिळतो, छायाचित्र मिळते. काठीला वस्त्र कसे बांधायचे, कडुलिंबाचा पाला कोणत्या झाडाचा आणायचा, हे त्याला कळत नाही. सार्वजनिक उत्सव हे घरच्या सणाचे फळ आहे, त्याचे मूळ नव्हे.

थदडीच्या बाबतीत तर सार्वजनिक असे काही नाहीच. ती घरात टिकली तर टिकली. आता लोलो मिठाईच्या दुकानात मिळतो. विकत आणण्यात पाप नाही. दोघेही नोकरी करणाऱ्या घरात दुसरा मार्ग नसतो. बदलापूरहून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ६८ किलोमीटर आहे. सकाळची गाडी पकडून रात्री नऊला परतणाऱ्या स्त्रीला आदल्या रात्री दोन दिवसांचा स्वयंपाक कर, असे व्यासपीठावरून सांगणे हा संस्कार नव्हे, जुलूम आहे. थदडीला ‘बायकांच्या विश्रांतीचा दिवस’ म्हणून गौरवणारे पुष्कळ भेटतात. त्या विश्रांतीची किंमत आदल्या रात्री दुप्पट कष्टांनी कोण मोजत असे, हे ते सांगत नाहीत. ज्या घरात मुलगे कणीक मळायला बसतात आणि वडील कारली चिरतात, तिथेच हा सण यापुढे चालणार आहे.

आणखी एक अडचण आहे, ती लिपीची. १८५३ साली इंग्रजांनी सिंधीसाठी अरबी वळणाची लिपी ठरवून दिली. १९६७ साली सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले, पण प्रांत नसल्यामुळे शाळा आटत गेल्या. आजीच्या वहीत लोल्याचे प्रमाण, व्रताची कथा, कुणाच्या घरी काय पाठवायचे याची यादी असते, आणि मराठी वा इंग्रजी शाळेत शिकलेल्या नातवाला त्यातले अक्षर वाचता येत नाही. अशा वह्या रद्दीत जाण्यापूर्वी कुणीतरी आजीपाशी बसून त्या देवनागरीत उतरवून घ्यायला हव्यात. हे काम दहावीतला मुलगाही करू शकतो. एका सुट्टीचे काम आहे.

काही घरांतून हे सुरू आहे. बदलापूरच्या चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत चूल नाही, गॅसची शेगडी आहे. आदल्या रात्री ती पुसून कोरडी केली जाते, बर्नर काढून धुतले जातात. आजी पलंगावर बसून प्रमाण सांगते, नातू मळतो, लोला कधी जाड होतो, कधी करपतो. शेजारच्या मराठी घरातून दहीभाताचे पातेले येते. मग तांब्या नातवाच्या हाती दिला जातो. आजीने पान उचलण्याआधी तो खाली वाकून सिलिंडरचे बटण बंद आहे ना, हे दोनदा पाहतो.