लखनौचे उंदीर

लखनौ म्हटलं की माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्याला मीर आठवतो, चिकनकारी आठवते. आज मात्र मी तिथल्या उंदरांविषयी बोलणार आहे. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांविषयी. मी आपला बी.ए. झालेला माणूस, पण डेंगी आमच्या मोहल्ल्यात दर पावसाळ्यात येतो, तेव्हा वाचल्यावाचून राहवलं नाही.

डेंगीची एक गोष्ट विचित्र आहे. ताप फणफणलेला असतो तेव्हा रक्तात विषाणू भरपूर असतो. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो, विषाणूही ओसरतो, घरचे म्हणतात, ‘सुटलो.’ आणि नेमक्या त्याच वेळी काही रुग्णांच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. रक्तातलं पाणी पोटात, छातीत उतरतं, रक्तदाब कोसळतो. माझ्या मेहुणीच्या मुलीनं ताप गेल्यावर सकाळी खिचडी मागितली आणि संध्याकाळी तिचे हातपाय बर्फासारखे गार. सलाइनवर तीन दिवस काढले, तेव्हा कुठे पोर वाचली.

विषाणू कमी झाल्यावर दुखणं वाढतं कसं? संशय जातो शरीराच्या स्वतःच्या बंदोबस्तावर. यात दोन खाती. प्रतिपिंडं रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या विषाणूला धरतात. टी पेशी मात्र दारोदार फिरतात, कुणाच्या घरात चोर लपलाय ते हुडकतात आणि घरासकट त्याला संपवतात.

लखनौच्या किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजात डॉ. यू. सी. चतुर्वेदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकापासून हेच तपासलं. उंदरांच्या मेंदूत डेंगीच्या दुसऱ्या प्रकारचा विषाणू टोचला. अशा उंदरांच्या प्लीहेतल्या टी पेशी एक प्रथिन सोडतात आणि त्यानं इतर पेशी मरतात, असं दिसलं. तेच प्रथिन निरोगी उंदराला टोचलं, तर विषाणू नसतानाही केशवाहिन्या झिरपू लागल्या! पुढे १९९६च्या साथीतल्या रुग्णांच्या रक्तातही तसाच घटक मिळाला. मोठ्या परदेशी प्रयोगशाळांचा गाजावाजा होतो, तसा या कामाचा आपल्याकडे झाला नाही. व्हायला हवा होता.

पण म्हणून टी पेशींना गुन्हेगार ठरवून मोकळं होता येत नाही. मुळात उंदराला माणसासारखा डेंगी होतच नाही. माणसाच्या पेशीत हा विषाणू इंटरफेरॉन नावाचा धोक्याचा इशारा दाबून टाकतो. उंदरात त्याला ते जमत नाही. म्हणून नंतर इंटरफेरॉनला दादच न देणारे खास उंदीर वापरात आले. कॅलिफोर्नियात ला होया इथं सुजन श्रेष्ठ यांच्या गटानं २००९ साली अशा उंदरांतल्या मारक टी पेशी काढून टाकल्या, तर विषाणू वाढला. म्हणजे तिथं त्या राखणदार निघाल्या. २०१५मध्ये तर विषाणूचं एनएस-१ हे प्रथिन स्वतःच रक्तवाहिन्यांना गळती लावतं, हेही उंदरांतच दिसलं. आरोपी वाढत गेले.

हा वाद प्रयोगशाळेपुरता नाही. फिलिपीन्समध्ये २०१६ साली लाखो शाळकरी मुलांना डेंग्वॅक्सिया ही लस दिली गेली. ज्यांना आधी डेंगी झालाच नव्हता, त्यांना लशीनंतर तो अधिक गंभीर होऊ शकतो, असं कंपनीनं नोव्हेंबर २०१७मध्ये सांगितलं. त्या आयांचं काय झालं असेल? त्या लशीत डेंगीचा वरचा अंगरखा होता, आतलं शरीर पीतज्वराच्या विषाणूचं. मारक टी पेशी बहुतेक करून आतली प्रथिनं ओळखतात. डेंगीची ती प्रथिनं तिथं नव्हतीच. दोष प्रतिपिंडांकडेही जातो, पण हेही एक कारण असावं, असं काही शास्त्रज्ञ मानतात.

ऑगस्ट २०२४मध्ये भारतात ‘डेंगीऑल’ या लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. तिच्यात डेंगीचेच दुबळे केलेले विषाणू आहेत, आतल्या प्रथिनांसकट. दहा हजारांहून अधिक माणसं त्यासाठी ठरवली गेली. यावेळी माणसं, उंदरांचं काम आधीच झालेलं होतं.