भाऊजी : एका व्रतस्थ गृहस्थाचे स्मरण



श्रीगुरुजींचे चरित्र बहुतेक घरांत वाचले गेले आहे. त्या चरित्राच्या पहिल्या एक-दोन पानांवर एका गृहस्थाचे नाव येते आणि पुढे मुलाच्या कर्तृत्वाच्या प्रकाशात ते दिसेनासे होते. ते नाव म्हणजे सदाशिवराव गोळवलकर. घरात आणि परिचितांत त्यांना ‘भाऊजी’ म्हणत. वृक्षाची फळे सर्वांना दिसतात, मुळे मातीखालीच राहतात. आजचे हे स्मरण त्या मुळांचे आहे.

गोळवलकरांचे मूळ गाव कोकणातील गोळवली. मूळ आडनाव पाध्ये. पाध्ये म्हणजे उपाध्याय. देवाधर्माची सेवा आणि अध्ययन-अध्यापन हा त्या घराण्याचा वारसा आडनावातच दिसतो. पुढे हे कुटुंब घाटावर आले, तेथून विदर्भात स्थिरावले आणि गावाचे नाव हेच आडनाव झाले. वारसा मोठा असला तरी घरची परिस्थिती बेताचीच होती. भाऊजींचे पितृछत्र लवकर हरपले. मॅट्रिक झाल्यावर शिक्षण थांबवून त्यांना टपाल व तार खात्यात नोकरी धरावी लागली.

सरकारी खात्यातील ती नोकरी सुरक्षित होती. दुसरा कोणी असता तर तीतच निवृत्तीपर्यंत रमला असता. भाऊजींचे मन मात्र विद्यादानाकडे ओढ घेत होते. ते शिक्षक झाले आणि १९०८ च्या सुमारास छत्तीसगडमधील सरायपाली या गावी त्यांची नेमणूक झाली. त्या काळी तेथे रेल्वे नव्हती. रायपूरहून लांबचा, जंगलातला प्रवास. अशा आडगावी पत्नी लक्ष्मीबाई, म्हणजे ताई, आणि लहानग्या माधवाला घेऊन त्यांनी संसार मांडला. पुढेही बदल्या होतच राहिल्या. रायपूर, दुर्ग, खांडवा, चांदा अशी गावे बदलली आणि प्रत्येक ठिकाणी नव्याने चूल मांडावी लागली. घरातली शिस्त मात्र कोणत्याही गावात बदलली नाही.

भाऊजींच्या परिश्रमाचे सर्वात बोलके उदाहरण त्यांच्या स्वतःच्या शिक्षणाचे आहे. मॅट्रिकनंतर सुमारे वीस वर्षांनी त्यांनी इंटरची परीक्षा दिली. तेवढ्यावर न थांबता पुढे काही वर्षांनी ते बी.ए. झाले. दिवसा शाळा, संध्याकाळी घरचा व्याप आणि रात्री कंदिलाच्या उजेडात स्वतःचा अभ्यास असा हा दीर्घकाळचा क्रम किती कष्टाचा असेल, याची कल्पना संसारी माणसालाच येईल. वय झाले, संसार वाढला, आता शिकून काय करायचे, असे म्हणणारे घरोघर भेटतात. भाऊजींनी ते उद्गार कधी आपल्या घरात शिरू दिले नाहीत. वडीलच दिव्याखाली पुस्तक उघडून बसले, तर मुलाला ‘अभ्यासाला बस’ असे वेगळे सांगावे लागत नाही. माधव अगदी लहान असल्यापासून भाऊजी त्याला शिकवीत आणि शिकविलेले सारे तो मुखोद्गत म्हणून दाखवी. ताईंच्या तोंडून पुराणकथा आणि स्तोत्रे कानी पडत. पित्याची शिस्त आणि मातेची भक्ती या दोन धाग्यांनी ते मन विणले गेले.

आता या जीवनातील सर्वात कठीण प्रसंगांकडे वळले पाहिजे. भाऊजी आणि ताईंना नऊ अपत्ये झाली. त्यांतील एकटा माधव जगला. १९ फेब्रुवारी १९०६ रोजी जन्मलेले हे अपत्य तेवढे हाती राहिले. आठ वेळा ज्या घरात पाळण्याची दोरी सुटली, त्या घरातील देव्हाऱ्यापुढचा दिवाही विझला असता, तर कोणी दोष दिला नसता. पण तो विझला नाही. याची साक्ष वेगळी शोधायला नको. त्याच घरात वाढलेल्या मुलाची आयुष्यभराची ईश्वरनिष्ठा हीच ती साक्ष आहे. दुःखाने श्रद्धा मोडते, हे खरे आहे. आणि पेलण्याचे बळ असेल तर दुःखानेच श्रद्धा खोल जाते, हेही तितकेच खरे आहे.

मग या एकुलत्या मुलाकडून आई-वडिलांच्या अपेक्षा असणे स्वाभाविकच नव्हे काय? मुलगा काशी हिंदू विश्वविद्यालयातून प्राणिशास्त्राचा एम.एस्सी. झाला. संशोधनासाठी मद्रासला गेला, पण त्याच सुमारास भाऊजी सेवानिवृत्त झाल्यामुळे पैशाची ओढाताण होऊन त्याला ते सोडावे लागले. पुढे काशीला अध्यापन केले, नागपूरला कायद्याची पदवी घेतली. आता घर मांडेल, नातवंडे दिसतील, अशी आशा पालवली असेल. मुलाने विवाहास नकार दिला. समाजहितासाठी आपल्यासारख्या अनेकांचा वंश खुंटला तरी चिंता नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने आईला दिले. १९३६ मध्ये तर तो घरी न सांगताच बंगालमधील सारगाछी आश्रमात स्वामी अखंडानंदांच्या चरणी गेला. त्या महिन्यांत नागपूरच्या घरातील दोन वृद्ध जीवांनी काय सोसले असेल, ते शब्दांत मांडता येणार नाही. त्याग हा शब्द व्यासपीठावरून उच्चारायला सोपा असतो. ज्याच्या घरातून तो घडतो, त्याच्या डोळ्यांतील पाणी खरे असते. ते झाकून त्यागाची थोरवी सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१९३७ मध्ये मुलगा परतला, पण घराचा म्हणून नव्हे. १९४० मध्ये सरसंघचालकपदाची धुरा त्याच्या खांद्यावर आली आणि अखंड प्रवास सुरू झाला. गांधीजींच्या हत्येनंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये संघावर बंदी आली. श्रीगुरुजींना अटक झाली. जुलै १९४९ मध्ये बंदी उठेपर्यंतचा बहुतेक काळ त्यांचा कारावासात गेला. उतारवयातील पित्याने हा काळही पाहिला. १९५४ मध्ये भाऊजींनी देह ठेवला, ताई १९६२ मध्ये गेल्या.

 नेमून दिलेल्या गावी जावे, वर्गातील मुलांना मनापासून शिकवावे, स्वतः शिकत राहावे, देवाने दिलेले आणि नेलेले दोन्ही मस्तकी धरावे, असे भाऊजींचे साधे जीवन होते. परंतु राष्ट्राची उभारणी सभागृहांइतकीच अशा घरांमध्येही होत असते.

आज अनेक घरांत एकच अपत्य आहे. त्याच्या पायाला खडा टोचू नये म्हणून आई-वडील जपतात. त्या मायेला दोष नाही. पण आपले मूल आपल्यापुरतेच आहे का, हा प्रश्न भाऊजींचे जीवन प्रत्येक माता-पित्यापुढे ठेवते. प्रत्येकाने मुलाला प्रचारक करावे असे नाही. त्याच्या बुद्धीचा, वेळेचा, मिळकतीचा काही भाग समाजाचा आहे, हे त्याला लहानपणीच घरात दिसावे, एवढे तरी निश्चित करता येईल.

प्रत्येक घराण्यात असे एखादे भाऊजी होऊन गेलेले असतात. त्यांच्या श्राद्धतिथीला ताटावर बसण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी नातवंडांना त्यांच्या कष्टांची हकीकत सांगावी. तिलोदकाइतकेच तेही तर्पण आहे.