पाठचं भावंड आणि शाळेची घंटा

(कसबा बावडा येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण बसलो आहोत त्या बावड्यात १८७४ साली शाहू महाराजांचा जन्म झाला. १९१७ साली त्यांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडाची तरतूदही केली. याच बावड्यात साखर कारखाना आहे. दिवाळीच्या आगेमागे हंगाम सुरू होतो आणि मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या या जिल्ह्यात उतरतात. त्यांच्याबरोबर शाळेच्या वयाची मुलंही येतात. सक्तीच्या कायद्याला शंभर वर्षं उलटली, तरी यातल्या कितीतरी मुलांचं अर्धं वर्ष फडावरच जातं.

मुलांच्या गरजा आणि आवडी पाहून शाळा घडवावी, असं आज सगळेच म्हणतात. कोल्हापूरला हा विचार नवा नाही. लीलाताई पाटलांनी १९८५ साली इथे सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मूल आपल्या अनुभवातून शिकतं, भीतीपोटी शिकत नाही, हे त्यांनी मराठी माध्यमाच्या शाळेत वर्षानुवर्षं करून दाखवलं. २०२० साली त्या गेल्या. त्यांचं काम आपल्यासमोर आहे.

मला आज त्याच्या आधीचा प्रश्न विचारायचा आहे. गरज पाहायची ती कुठल्या मुलाची? आपली शाळा ज्या मुलाला गृहीत धरते त्याचे हात मोकळे असतात. सकाळी कोणीतरी त्याचा डबा भरलेला असतो, धाकट्या भावंडाला कोणीतरी सांभाळत असतं. ते कोणीतरी म्हणजे बहुतेक घरांत आई, आणि आई कामावर गेली की थोरली मुलगी.

ऊसतोडीत नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. उचल जोडीच्या नावावर असते, म्हणून बाईला घरी थांबता येत नाही. पहाटे ती फडात जाते. तान्हं मूल कोपीवर राहतं आणि नऊदहा वर्षांची मुलगी त्याची आई होते. पाणी, भाकरी, वाढ्याच्या पेंड्या बांधणं, सगळं तिच्याकडे. या मुलीच्या शाळेत भिंतीवर कितीही सुंदर चित्रं काढली, तरी ती येणार कशी?

कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना आदिवासी पाड्यांवर हीच अडचण दिसली. मुलं शाळेत येत नव्हती, तर त्या पाड्यावरच्या अंगणात गेल्या. आज सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या कामातून आला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणात शाळा भरवली. मुली धाकट्यांना सोडून येऊ शकत नाहीत म्हटल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच आवारात आणले. मुलीला ‘भावंड घरी ठेवून ये’ असं न सांगता शाळेनेच भावंडाला जागा दिली. ‘गरजेनुसार शाळा’ याचा अर्थ मला तिथे कळतो.

ऊसतोडीच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि या मुलांना जवळच्या नेहमीच्या शाळेत घालावं, असं धोरण आलं. कायद्याप्रमाणे वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो, दाखल्यासाठी अडवता येत नाही, वयानुसार वर्ग मिळतो. हे सगळं चांगलंच आहे. पण हा हक्क सहा ते चौदा वयाचा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांची सोय सरकारने करावी, असं कायदा सुचवतो, बांधून घेत नाही. तीन वर्षांच्या आतलं मूल, म्हणजे नेमकं ताईच्या कडेवरचं मूल, त्यात कुठेच नाही. मुलं गावीच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत. पण धाकट्याला कोण पाहील, आणि वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, या दोन प्रश्नांपुढे आईबाप तिला गाडीत बसवतात.

आवडीचं म्हणाल तर या मुलींना खूप काही येतं. पेंड्या किती, भाव काय, हे त्या तोंडी सांगतात. मुकादमाच्या वहीत आईवडिलांच्या नावावर उचल किती, फिटली किती, हे मात्र त्यांना वाचता येत नाही. गणिताचा तास तिथून सुरू करता येईल. ती वही वाचू शकणारी मुलगी घरात असणं ही त्या घराची मोठी गरज आहे.

तेव्हा या हंगामात आपल्या गटांनी काही कामं घ्यावीत. आपापल्या भागातल्या कोप्यांवर जाऊन मुलामुलींची यादी करावी, धाकट्या भावंडांसकट. ती यादी घेऊन शाळेत आणि अंगणवाडीत जावं. फडाजवळ पाळणाघर हवं, ही मागणी कारखान्याकडे आणि सरकारकडे लावून धरावी. शाळेची वेळ टोळीच्या वेळेशी जुळवता येते का, हे मुख्याध्यापकांशी बोलावं. आणि शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तिथे सहीपुरतं न जाता हे विषय मांडावेत.

पाळणाघर हा बायकांचा प्रश्न आणि शाळा हा शिक्षणखात्याचा, अशी वाटणी आपणही करून बसलो आहोत. ती आधी मोडू या.